कमलाक्कांना न आवडलेली कादंबरी

कमलाक्का मगदूम पुस्तक परत करायला आल्या की ते टेबलावर ठेवत नाहीत, आपटतात. किती जोरात आपटलं यावरून मला पुस्तकाची लायकी कळते. नुसता धप्पकन आवाज झाला तर पुस्तक बरं होतं. माझा चष्मा टेबलावरून खाली गेला, तर त्या लेखकानं काही दिवस कोल्हापूरकडं फिरकू नये.

राजारामपुरीत माझी लायब्ररी आहे. खाली दातांचा दवाखाना, वर कोचिंग क्लास आणि मधल्या मजल्यावर मी. खालून किंकाळ्या, वरून सूत्रं, आणि या दोन्हींच्या मधे मराठी वाचनसंस्कृती टिकवायचं काम मी बिनबोभाट करत होतो. अक्का सभासद झाल्या आणि बिनबोभाट हा शब्द संपला.

अक्का सत्तरीच्या पुढच्या. सुती साडी, डोक्यावर पदर, आणि पायात नातीचे जुने स्पोर्ट शूज. "पोरीनं टाकून दिलतं. सोल अजून दणदणीत हाय." माहेर पार कर्नाटकाच्या हद्दीला चिकटलेलं, म्हणून राग वाढला की "अय्यो यप्पा!" होतं. आणि हो, आमच्याकडच्या बायका 'मी येतो', 'मी जातो' असंच म्हणतात. बाहेरच्या वाचकांनी उगाच दचकू नये.

वेळ कायम चार-साडेचारची. घराणं जैन, दिवस मावळायच्या आत जेवण झालंच पाहिजे. वाद कितीही रंगात आलेला असो, ऊन समोरच्या इमारतीच्या गच्चीवर चढलं की अक्का वाक्य अर्धं सोडून उठतात. "सूर्य काय तुमच्यासाठी थांबतोय व्हय?" म्हणतात आणि चालू लागतात.

पुस्तकाची भाषा, शैली वगैरे भानगडी त्यांच्याकडं नाहीत. पुस्तकातली माणसं नीट वागली का, एवढंच त्या बघतात. एक रहस्यकथा परत करताना म्हणाल्या, "खून कुणी केला ते मला दुसऱ्या पानावर कळलं. त्या इन्स्पेक्टरला पगार कशाचा देतात?" यशस्वी होण्याचं एक पुस्तक मी कौतुकानं दिलं होतं. "पहाटे उठा म्हणतोय. जन्मभर पहाटेच उठलो की मी! कुठं झालो श्रीमंत?" बरं, मत स्वतःपाशी ठेवतील तर शपथ. शेजारी कुणी प्रेमकथा हातात घेऊन उभं असलं की, "न्हेऊ नका. शेवटी मरतीया ती." गिऱ्हाईक गार. आता काही सभासद आधी दारातून डोकावून अक्का आहेत का ते बघतात आणि मग आत येतात.

तर गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. अक्कांची नात श्रेया पाचवीपासून त्यांच्यापाशीच शिकायला होती. ती इंजिनिअरिंगला पुण्याला गेली. फ्लॅटमध्ये अक्का एकट्या राहिल्या. मी विचारलं, "येतो का फोन?" तर म्हणाल्या, "येतोय की. जेवलीस का? हो. बरी हाईस का? हो. ठेवते आजी, सबमिशन आहे. येवढं काय सबमिट करती कुणास ठाऊक." आणि पुस्तकं चाळत बसल्या. त्या दिवशी एकाही लेखकाला शिवी दिली नाही, तेव्हाच मला जरा काळजी वाटली.

मग एक दिवस आल्या त्या थेट मागणी घेऊनच. तरुण पोरापोरींत त्या वेळी एका भाषांतरित कादंबरीचं वेड होतं. नाव सांगत नाही, सांगितलं तर पोरं माझ्या लायब्ररीवर चालून येतील. भविष्यातलं जग, जुलमी सरकार, सोळा वर्षांची नायिका आणि तिच्यावर मरणारे दोन देखणे तरुण. तीन जाडजूड भाग, त्यातला तिसरा मराठीत अजून यायचा होता. माझ्याकडं नंबर लागले होते.

"श्रेया म्हणाली, आजी, हे वाच, माझं आयुष्य बदललं ह्यानं," अक्का म्हणाल्या. "म्हटलं बघू तरी, माझ्या हातात वाढलेलं आयुष्य परस्पर कुणी बदललं."

"अक्का, नंबर आहे."

"नंबर-बिंबर मला सांगू नका, बाळासाब. द्या हिकडं."

दिलं. माझी काय टाप आहे?

पुस्तक परत आलं तेव्हा चष्मा तर उडालाच, पेनांचा डबाही गडगडत गेला. नेमक्या त्याच वेळी वरच्या क्लासच्या चार-पाच मुली त्या पुस्तकासाठी उभ्या होत्या.

"बाळासाब, ह्यात भविष्यकाळ कुठाय?"

"अक्का, दोनशे वर्षांनंतरची गोष्ट आहे ती."

"कशाची नंतरची? शहराला भिंत, भाईर जायचं न्हाय. सोळावं लागलं की सरकार नवरा ठरवणार, पोरीनं मान खाली घालून व्हय म्हणायचं. हे माझं होऊन गेलंय की! सरकारच्या जागी आमचं थोरलं चुलतं होतं, येवढाच फरक."

मुली फिस्सकन हसल्या. दातांना तारा लावलेली एक धीट मुलगी पुढं झाली. "पण आजी, ती बंड करते ना!"

"करती की! म्हणून तर जीव लागला माझा. भर सभेत उभी ऱ्हाऊन न्हाय म्हणाली. सरकारच्या तोंडावर, न्हाय! आगं, मी एकटीच घरात टाळी वाजवलो. मला म्हणता आलं न्हवतं, ते ही म्हणाली. म्हटलं, आता ही सुमी काय थांबत न्हाय." नायिकेचं परदेशी नाव अक्कांच्या जिभेला पेलत नव्हतं, म्हणून त्यांनी तिचं सुमी करून टाकलं होतं. "आणि मग आला तो निळ्या डोळ्याचा. त्या भिंतीचं फाटक मोडायचा दिवस. खाली हजार माणसं हिची वाट बघायलीत. आणि ही गच्चीवर बसून त्याला विचारतीया, तू माझ्यावर पहिल्यापासून प्रेम करत होतास का? अगं भवाने, फाटक!"

खालच्या दवाखान्यातली किंकाळीसुद्धा थांबली असावी.

"आणि मला सांगा, ती हजार माणसं जेवली कुठं? सगळी जमिनीखाली लपलीत. भाकरी कोण थापतंय? पीठ कुठलं? ऊसदराच्या आंदोलनात आमच्या गावातनं घरटी भाकऱ्या बांधून जायच्या, मग बाप्ये रस्ता अडवायचे. महापुरात ह्याच गल्लीत दारोदार भाकऱ्या गोळा केल्या. आमची श्रेया एवढीशी होती, पिशवी घिऊन जिने चढायची, 'काकू, भाकरी द्या' म्हणून. भाकरीबिगर बंड झालेलं बघितलंय कुणी?"

"ते प्रोटीनच्या गोळ्या खातात, आजी."

"गोळ्या खाऊन नळावरचं भांडण हुईत न्हाय. सरकार कुठनं पडंल?"

तारावाली मुलगी रडकुंडीला आली. "तुम्हाला प्रेमच कळत नाही!"

अक्कांनी पुस्तक तिच्यापुढं सरकवलं. मग म्हणाल्या, "कळतंय म्हणून तर राग आला, बाळ. प्रेम जडलं म्हणून हातातलं काम टाकायचं आसतंय, आसं कुणी शिकवलं तुमाला?" आणि खिडकीतून गच्चीवरचं ऊन बघून जेवायला निघून गेल्या.

हा सगळा तमाशा एका मुलीनं मोबाइलवर घेतला होता. रात्रीपर्यंत 'अगं भवाने, फाटक' गावभर झालं आणि व्हायचं तेच झालं, ते पुण्याला पोचलं.

श्रेयाचा फोन आला. "आजी, होस्टेलात सगळ्या हसतायत. तू माझ्या आवडत्या पुस्तकाची शोभा केलीस." आणि फोन आदळला. अक्कांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. मला फार वाईट वाटलं. एकुलती एक नात, आधीच ती बोलेना, आणि आता एका फालतू कादंबरीपायी तेही तुटायचं! मी म्हटलं, "अक्का, सांगून टाका, पुन्हा वाचलं, आवडलं म्हणून. नातीपुढं कसली हार आणि कसली जीत?"

अक्कांनी पदर डोक्यावर सारखा केला. "नातीनं जीव मागू दे, देतो. पण खोटं न्हाय बोलणार. आज पुस्तकाला छान म्हटलं, उद्या ती निळ्या डोळ्याचा एखादा घिऊन आली, तवा बी छान म्हणू? मग माझ्या छानला काय किंमत ऱ्हायली?"



पुढं बरेच दिवस अक्का फिरकल्या नाहीत. आल्या त्या हसतच. "दुसरा भाग द्या."

"अक्का! पहिल्या भागाला जोड्यानं मारलंत की!"

"ह्याला बी मारायचंय. द्या लौकर." आणि मग खुर्ची ओढून बसल्या. "बाळासाब, रोज फोन येतोय."

"श्रेयाचा?"

"मग काय सरकारचा? दुसऱ्याच दिवशी आला. 'आजी, तू तो प्रसंग नीट वाचलाच नाहीस.' मी म्हटलं, वाचलाय, तूच नीट वाच. झालं सुरू! ती तिकडनं वरडती, मी हिकडनं वरडतो. शेजारची बाई बघायला आली, कुणाला काय झालं म्हणून. परवा तर बोलता बोलता दिवस मावळला. तशीच उपाशी झोपलो. पण काय झोप लागली म्हणून सांगू!"

दिवस मावळायच्या आत जेवणाचा नेम या बाईनं लग्नघरातसुद्धा कधी चुकवला नव्हता.

"भांडता भांडता मधेच सांगून जाती," अक्कांचा आवाज खाली आला. "मेसमधली आमटी पाण्यागत हाय. खोलीतली दुसरी पोरगी हिच्यासंगं बोलत न्हाय. नुसतं बरी हाईस का विचारलं तर व्हय म्हणायची. काल काय म्हणाली ठाव हाय? 'आजी, तिला तिथं कुणीच नव्हतं गं. म्हणून तिला तो आवडला.' मला कळलं की, हे सुमीचं न्हाय चाललेलं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, कुणी न्हवतं तर त्या सुमीनं आजीला फोन करायचा हुता!" आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. हसण्यानंच आलं असेल, मी निरखून बघितलं नाही.

दुसरा भाग त्यांना पहिल्यापेक्षा टुकार वाटला. पुण्यात त्यावर चांगली खडाजंगी झाल्याचं कळलं. तिसरा भाग दुकानात आला त्याच दिवशी मी तो अक्कांसाठी काढून ठेवला. नंबर लावलेली पोरं ओरडली. ओरडू देत! लायब्ररी माझ्या नावावर आहे, पोरांच्या नाही.

एरवी दोन दिवसांत पुस्तकाचा फडशा पाडणारी ही बाई तिसरा भाग महिना झाला तरी परत करेना. मी निरोप पाठवला नाही आणि दंडही लावला नाही. तारावाली मुलगी येऊन विचारायची, "आजींचं झालं का?" मी सांगायचो, "जाड आहे गं पुस्तक."

शेवटी आल्या. दारातूनच सुरुवात. "तिन्हीत घाण! सगळं बंड इस्कटलं आणि ह्यांनी लगीन लावलं. जेवण कुणी केलं, ह्याचा पत्ता लग्नात बी न्हाय!" श्रेयाशी यावर शेवटचं भांडण रविवारी झालं होतं. श्रेयालाही शेवट पटला नव्हता. "ती म्हणाली, आजी, तुझंच खरं." हे सांगताना अक्का अजिबात खूश दिसल्या नाहीत.

मग म्हणाल्या, "चौथा द्या."

"चौथा नाही, अक्का. तीनच भाग आहेत."

"कॉम्प्युटरात बघा की."

मला माहीत होतं, तरी मी कॉम्प्युटर लावला. अक्का टेबलावर वाकून पडद्याकडं बघत राहिल्या. चौथा भाग नव्हता.

"काय झालं ह्या बाईला लिवायला? हात मोडला?"

मी कॉम्प्युटर बंद केला. ऊन समोरच्या गच्चीवर चढलं होतं, पण अक्का उठल्या नाहीत.

"तुमच्याकडं छापणाऱ्यांचा नंबर असंल न्हवं, बाळासाब? त्यांच्याकडनं निरोप पोचवा तिला. म्हणावं, अजून एक लिव. वाईट लिवलं तरी चालंल."