पहिल्या नंबरचं तळघर

त्या शनिवारी घराबाहेर पडताना आर्वो हक्कालाने एवढंच ठरवलं होतं, की फुकटचा नाश्ता करायचा आणि कशावरही सही न करता परत यायचं.

कॅनडातल्या थंडर बे शहराच्या लायब्ररीत छोट्या धंदेवाल्यांसाठी शिबिर होतं. विषय, ‘आपली वेबसाइट शोधात वर कशी आणावी’. विषयाशी आर्वोला कर्तव्य नव्हतं; पण गुलाबी आयसिंगचे पर्शियन पाव मिळतील असं पत्रकात स्पष्ट छापलं होतं. आर्वोचा धंदा लोकांची गळकी तळघरं कोरडी करण्याचा. वेबसाइट त्याचीही होती. म्हणजे एक पान होतं, त्यावर फोन नंबर होता आणि त्यातला एक आकडा चुकलेला होता. (हे त्याला बऱ्याच उशिरा कळलं. तो नंबर ज्या आजीबाईंचा होता, त्यांनीच एक दिवस फोन करून झापलं, की तुमच्या गिऱ्हाइकांना पंप कसा दुरुस्त करायचा ते मी आणखी किती दिवस सांगू?)

शिकवणारी बाई तरुण आणि भलतीच उत्साही होती. तिने आर्वोलाच उभं केलं.

“समजा, एखाद्याच्या तळघरात पाणी शिरलं. तो पहिल्यांदा काय करतो?”

“बायकोला हाक मारतो,” आर्वो म्हणाला.

“मग?”

“मग बायको त्याला हाका मारते.”

“तो फोनवर शोधतो!” असं म्हणून बाईने तिथल्या तिथे शोधून पडद्यावर दाखवलं. पहिला नंबर गॉर्ड पाश्को, म्हणजे आर्वोचा त्याच धंद्यातला जुना प्रतिस्पर्धी. आर्वो चौथ्या पानावर, शोभेचे मासे विकणाऱ्या एका दुकानाच्या खाली.

गॉर्ड पाश्को पुढच्याच रांगेत बसला होता. तो सावकाश मागे वळला, अर्धा खाल्लेला पाव हातात धरून म्हणाला, “चौथं पान काय रे, आर्वो? तिकडे वीज पोचली का?”

सगळं सभागृह हसलं. आर्वोही हसला, पण हातातला पाव त्याने परत बशीत ठेवला.

त्यानंतर बाई जे जे बोलली ते त्याने कान देऊन ऐकलं. नुसतं ‘उत्तम सेवा’ लिहिलं तर कुत्रं विचारत नाही, ती म्हणाली. लोक जे शब्द टाइप करतात तेच लिहा. पाणी, बुरशी, कुबट वास. खरी गल्ली लिहा, खरा पत्ता लिहा. शोधणाऱ्या यंत्राला खरेपणा फार आवडतो. आणि कामाच्या आधीचे आणि नंतरचे फोटो टाका.

इथेच घोडं अडलं. नंतरचे फोटो आर्वोकडे ढीगभर होते. आधीचा एकही नव्हता. तळघरात कपडे तरंगत असताना ‘जरा बाजूला उभे राहा, फोटो काढतो’ असं सांगायची त्याची कधी हिंमत झाली नव्हती. आणि आपला पत्ता छापायला कोण परवानगी देणार? आर्वोने खूप विचार केला, आणि शेवटी शहरातल्या एकाच घरमालकाने परवानगी दिली. तो घरमालक म्हणजे तो स्वतः.

डोरीन, म्हणजे त्याची बायको, बहिणीकडे गेल्याचं बघून त्याने बागेचा पाइप खिडकीतून आत घेतला आणि २१७, टॅमरॅक स्ट्रीटच्या तळघरात पाणी सोडलं. शहरातलं सगळ्यात कोरडं तळघर होतं ते. भिंत न् भिंत त्याने स्वतःच्या हाताने बांधून काढलेली. पाणी फारच स्वच्छ दिसायला लागलं म्हणून त्याने त्यात किटलीभर कॉफी ओतली. एक जुनी चप्पल तरंगत सोडली. फोटो असे झकास आले, की बघून त्याला स्वतःचीच कीव आली.

मग दिवसभर पुसत बसला. संध्याकाळी डोरीन आली, खाली डोकावली आणि दारातच थबकली. “आर्वो! तू न सांगता लादी पुसलीस?” तिचे डोळे भरून आले. त्या रात्री जेवणानंतर ब्लूबेरी पाय, म्हणजे फळं भरून भाजलेला गोड पदार्थ, होता. आर्वोने दोनदा वाढून घेतला. (सांगणार होता तो. पण पाय संपल्यावर सांगू, म्हणाला.)

ते फोटो लावून त्याने वेबसाइटवर जो ब्लॉग टाकला, त्याचं शीर्षक होतं, ‘२१७, टॅमरॅक स्ट्रीट: तळघरात पाणी, बुरशी, कुबट वास आणि उंदीर’. बर्फ वितळायच्या आत आर्वो पहिल्या नंबरवर होता.

आणि बर्फ वितळताच डोरीनने घर विकायला काढलं.

त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. गुडघे जिना चढू देईनात, आणि बहिणीच्याच इमारतीत तळमजल्यावरचा फ्लॅट रिकामा झाला होता. फ्लॅटवाल्याने महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. तोवर घर विकलं नाही तर फ्लॅट दुसऱ्याला. डोरीनने तर तिथल्या खिडक्यांचे पडदेही शिवून ठेवले होते.

घर विकून देणारी एजंट कोलेट रविवारी आली. घर बघायला लोक येणार, म्हणून तिने दालचिनीचे रोल ओव्हनमध्ये टाकले. घरभर वास दरवळला पाहिजे, हा तिचा नियम. घरमालकांनी बाहेर थांबायचं, हाही नियमच. आर्वो आणि डोरीन समोर गाडीत बसून बघत राहिले. माणसं आली, भरपूर आली. त्यातले एक गृहस्थ रबरी बूट घालून आले होते.

“पाऊस आहे का आज?” डोरीनने विचारलं.

“नाही,” आर्वो म्हणाला, आणि सीटवर जरा खाली सरकला.

लोक गेल्यावर कोलेट दारात उभी होती. “स्वयंपाकघराकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. सगळे तडक तळघरात. एकाने भिंतीला नाक लावलं. एका बाईने तर वाकून विचारलं, ‘उंदीर कुठे आहेत?’”

“उंदीर?” डोरीन ओरडली.

कोलेटने पत्ता टाइप करून फोन पुढे धरला. डोरीनने चष्मा लावला. चप्पल तिने लगेच ओळखली.

“ही माझी चप्पल आहे.”

“जुनी होती गं,” आर्वो म्हणाला.

“आणि उंदीर कुठून आणलेस?”

“आणले नाहीत. नुसते लिहिले. लोक फार शोधतात त्यांना.”

डोरीनने चष्मा काढला. मग म्हणाली, “आणि मी त्या लादीसाठी ब्लूबेरी पाय केला.”

आर्वोने तो ब्लॉग तिथल्या तिथे उडवला. पण उडवलेलं पान शोधात आणखी काही दिवस दिसत राहतं, ही गोष्ट त्याला कुणी शिकवलेली नव्हती. (शिबिरात शिकवली होती. तेव्हा तो पाव आणायला उठला होता.) तेव्हा बायकोला खूश करण्यासाठी त्याने नवा ब्लॉग लिहिला: ‘२१७, टॅमरॅक स्ट्रीटच्या तळघरात पाणी नाही, बुरशी नाही, कुबट वास नाही, उंदीर तर मुळीच नाहीत!’

दुसऱ्या दिवशी डोरीनने पत्ता टाइप केला. पहिल्या नंबरवर पाणी, बुरशी, उंदीर. दुसऱ्या नंबरवरही पाणी, बुरशी, उंदीर. मधले ‘नाही’ कुणाच्या डोळ्यांत भरत नव्हते.

“आता लिहू नकोस,” ती शांतपणे म्हणाली. “काहीही लिहू नकोस. वाढदिवसाच्या कार्डावरसुद्धा सही मीच करेन.”

महिना सरत आला. पडदे कपाटात घडी घालून पडले होते. अशात एका दुपारी धंद्याचा फोन वाजला. (वेबसाइटवरचा चुकलेला आकडा एव्हाना दुरुस्त झाला होता.) डोरीन वाटाण्याच्या सूपमध्ये डाव फिरवत होती.

“मी बियांका फिओरे,” पलीकडून एक बाई म्हणाली. “आम्हाला एक घर फार आवडलंय, पण तळघराची भीती वाटते. तपासून द्याल का? सर्चमध्ये तुम्ही पहिले आहात.”

आर्वोची छाती फुगली. “देतो की! पत्ता सांगा.”

“२१७, टॅमरॅक स्ट्रीट.”

डाव थांबला. फोन स्पीकरवर होता.

डोरीन हातवारे करू लागली. हो म्हण! हो म्हण! आणि खरं सांगायचं तर सोपं होतं. आठ-दहा पायऱ्या उतरायच्या, वर यायचं, कोरडं आहे म्हणून लिहून द्यायचं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. आर्वोने डोरीनच्या सुजलेल्या गुडघ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले.

“बाई, मला ते तपासता येणार नाही. ते घर माझंच आहे.”

“अगंबाई! म्हणजे तुमच्या स्वतःच्याच तळघरात पाणी येतं?”

“येत नाही. मी ओतलं.”

“का?”

“पहिला नंबर यायला.”

पलीकडे फोनवर हात ठेवल्याचा आवाज झाला, तरी सगळं ऐकू आलं. “अहो, ऐकलंत का? हे म्हणतात, पाणी यांनीच ओतलं!” मग एका पुरुषाचं हसणं, मग खोकला, मग पुन्हा हसणं. बाई परत आल्या. “बरं, मग तुमच्या खालोखाल कोण आहे?”

आर्वोने नाइलाजाने नाव घेतलं. “गॉर्ड पाश्को.”

“चांगला आहे?”

सूप उतू जायला लागलं होतं, पण डोरीनचं तिकडे लक्ष नव्हतं.

“चांगला आहे,” आर्वो म्हणाला. लग्नानंतर हे वाक्य डोरीन पहिल्यांदाच ऐकत होती. तेव्हा कुठे तिने शेगडी बंद केली.

गॉर्ड दुसऱ्याच दिवशी आला, शिट्टी वाजवत. येताना डबाभर पर्शियन पाव घेऊन आला, “तुला आवडतात ना?” म्हणून. ओल मोजायचं यंत्र त्याने भिंतीच्या इंचाइंचाला लावलं. सुरुवातीला प्रत्येक कोपऱ्यात “अरेरे” म्हणत होता. हळूहळू त्याचं अरेरे बंद झालं. शिट्टीही थांबली.

“हा कोपऱ्यातला जोड कसा केलास रे?”

“नाही सांगणार.”

“पाइपने पाणी सोडूनही आत मुरलं नाही?”

“कॉफीसुद्धा नाही,” आर्वो म्हणाला, आणि त्याला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

गॉर्डने लिहून दिलं, की शहरात असं कोरडं तळघर आपण पाहिलेलं नाही. निघताना त्याने आर्वोला भिंतीपाशी उभं केलं, खांद्यावर हात टाकला आणि फोन वर धरला. “हस जरा. धंद्यातले जुने मित्र आपण.” आर्वो मनापासून हसला. फिओरे मंडळींनी त्याच आठवड्यात घर घेतलं, डोरीनला फ्लॅट मिळाला, आणि नव्या खिडक्यांना पडदे अगदी मापात बसले.

नव्या घरात कॉफी पिता पिता आर्वोने गंमत म्हणून स्वतःचंच नाव शोधलं. पहिल्या नंबरवर त्याचा फोटो होता! तोच तो, भिंतीपाशी, तोंडभर हसू.

“डोरीन, बघ, मी पहिला!”

डोरीनने चष्मा लावला आणि वाचलं. वेबसाइट गॉर्ड पाश्कोची होती. फोटोखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘आमचे समाधानी ग्राहक’.