देवसिंगभाऊंचं शेवटचं रीळ

दिग्रसच्या जिनिंग कारखान्याचे चौकीदार देवसिंगभाऊ मला पहिल्यांदा दिसले, तेव्हा ते चालत नव्हते, घरंगळत होते. अडुसष्ट वर्षांचा माणूस, अंगात चमकीचा शर्ट, पायांत चाकांचे बूट आणि डावा हात बाजूला लांब केलेला! कापसाचा हंगाम संपला की जिनिंगची भलीमोठी फरशी रिकामी पडते. तिच्यावर हे गृहस्थ सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारतात. मी फाटकातच हबकलो.

"घाबरू नोका गुरुजी," सुर्रकन बाजूनं जात ते म्हणाले, "पिच्चरमंदी असंच असते."

हे त्यांचं पालुपद. लाइट गेली, पिच्चरमंदी असंच असते. मागच्या वर्षी भिंतीवर आदळून दोन दात पडले, तेव्हा रक्त पुसतानाही तेच. 

पिच्चर म्हणजे एकच. तरुणपणी भाऊ टुरिंग टॉकीजचे ऑपरेटर होते. बोरी अरब गावात टॉकीजचा तंबू लागला असताना डिस्कोच्या जमान्यातला एक सिनेमा आला. रंगीत दिवे, झगमगते कपडे आणि हिरो-हिरॉइन सगळा वेळ चाकांवर. तो भाऊंच्या डोक्यात शिरला तो निघालाच नाही. शेवटी दोघं हातात हात घालून गोल फिरतात, हे ते दर वेळी नव्यानं सांगायचे.

परवा मी मोठ्या हौसेनं तो सिनेमा मोबाइलवर शोधला. फरशीवर पोतं अंथरून आम्ही पाहायला बसलो. भाऊ प्रत्येक गाण्याला मांडीवर ठेका धरत होते. आणि शेवट आला. हिरॉइन चाकांचे बूट काढून ठेवते आणि एकटीच गाडीत बसून निघून जाते! मी थक्कच झालो.

"भाऊ, तुम्ही तर सांगत होता..."

"म्या कुठं पाह्यला शेवट?" भाऊ म्हणाले. "प्रिंट एक, गावं दोन. शेवटचं रीळ चढवलं का मशीन मालकाच्या हाती देऊन म्या आधीची रिळं घेऊन जीपनं दारव्ह्याले पळत होतो. तिथं मशीनवर दुसरा; म्या रिळं देऊन वापस. शेवट कमळी पाहे, बायांच्या बाजूनं बसून. मंग घरी मले सांगे."

कमळाबाई त्यांची बायको. तिला जाऊन चार वर्षं झाली. मला माझाच भयंकर राग आला. हा उपद्व्याप करायला मला कुणी सांगितलं होतं?

भाऊंनी मोबाइल माझ्या हातात परत दिला. मग एकदम हसले.

"खोटं बोलली तर माही कमळी! नवं लगन होतं आमचं. तिले वाटलं असन, याले कायले रडवायचं."

आता हे बूट भिरकावून देणार, अशी माझी खात्री झाली होती. त्यांनी उलट नाड्या घट्ट आवळल्या. उभे राहिले. डावा हात नेहमीसारखाच बाजूला लांब केला. तो तोल सांभाळायला असतो, असं मी आजवर समजत होतो.

"गुरुजी, जरा भिंतीकडं सरका," ते म्हणाले. "दोघांले जागा लागते."