रॅपरवाले आप्पा

आंबा टाकून साल जपणारा माणूस पाहायचा असेल, तर तळेगाव ढमढेऱ्याला आमच्या शेजारी या. पूर्वी च्युइंगगमच्या पुडीत क्रिकेटवाल्यांची कार्डं निघायची. पोरं गम तोंडात टाकायची, कार्ड खिशात. आमचे दगडूआप्पा मात्र, ऐन तरणेपणी, दुकानापुढं वाकून रिकामी रॅपरं वेचायचे. आज त्यांच्याकडं ट्रंकभर रॅपरं आहेत, पुड्यांचे पुठ्ठ्याचे खोकेही आहेत, आणि कार्ड औषधालाही नाही.

आप्पा सणसवाडीला एका कंपनीत पॅकिंग खात्यात होते. "माल काय, कुनीबी बनवतं. पॅकिंगवाल्याला कोन इचारतं?" हे त्यांचं पालुपद. आम्हीही कधी विचारलं नाही म्हणा.

आता या जुन्या रॅपरांचे शौकीन निघालेत. मोबाईलवर फोटो टाकायचं काम माझ्या गळ्यात. गिऱ्हाईक लांबून फोन करतं, कुरिअरनं पाठवा म्हणतं. आप्पांचं उत्तर ठरलेलं. "न्हाई. सोत्ता या, बघा, मग न्या."

गिऱ्हाईक आलं की मुलगी दाखवायचा कार्यक्रम. आधी साबणानं हात धुवायचे. मग पोहे. पोह्यांनी हात तेलकट झाले म्हणून परत धुवायचे. मग ताटात पांढरा रुमाल आणि त्यावर एक रॅपर. "घरात ओल हाय का? वाळवी? बारकी पोरं किती?" एकानं तीन सांगितली. त्याला आणखी पोहे वाढले आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं.

मी वैतागून म्हणालो, "आप्पा, विकायचंय का नांदवायचंय?"

"दोन्ही," आप्पा म्हणाले.

गेल्या रविवारी दौंडहून एक गृहस्थ दोन गाड्या बदलून आले. रेल्वेतून रिटायर झालेले. ओल नाही, वाळवी नाही, नातवंडं मोठी. रॅपरांच्या घड्या आणि रंग यावर दोघं दोन तास बोलत बसले. काकू गेल्यापासून आप्पांना एवढं हसताना मी पाहिलं नव्हतं. शेवटी पाहुणे म्हणाले, "आप्पा, सगळी ट्रंकच द्या. भाव तुम्ही म्हणाल तो."

मी मनात म्हटलं, सुटलो बुवा. आप्पांनी ट्रंकेवर हात ठेवला.

"एकदम न्हाई. एकेक न्या."

"का हो? नीट जपीन मी."

"तुमी जपाल, त्यात वाद न्हाई. पर सगळं आजच दिलं, तर फुडच्या रविवारी माज्याकडं कोन यील?"

मी भिंतीला भिंत लावून राहतो, आणि फोटो आणि गिऱ्हाइकांखेरीज त्या घरात कधी टेकलो नव्हतो. मला लाज वाटली.

पाहुण्यांनी एक रॅपर बाजूला काढलं आणि बाकीची स्वतःच्या हातानं ट्रंकेत ठेवली. "मग आज हे एवढंच."

"जेवून जावा," आप्पा म्हणाले. "वांग्याचं भरीत केलंय." त्यांनी दोन ताटं मांडली. मी आत जाऊन तिसरं आणलं आणि पाहुण्यांशेजारी मांडी घातली.