रंगाचं सामान घर बघायला येतं

अकोल्यात चित्रं काढायचं, रंगाचं सामान दुकानातून विकत आणता येत नाही. ते आधी घर बघायला येतं आणि पसंत पडलं तर राहतं. इतर गावांतही रीत हीच आहे, पण अकोल्यात ती जरा कडक पाळतात. ॲक्रिलिक रंगाला मुळातच वाळायची घाई, त्यात इथला उन्हाळा. तेव्हा सामानाने चार गोष्टी विचारून घेतल्या तर त्याला नाव ठेवण्यात अर्थ नाही.

कुमुदताई बोंडे यांच्याकडे ते पूर्वी एकदा येऊन गेलं होतं. मुलं तेव्हा लहान होती. चहापाणी झालं, हसणंबोलणं झालं, आणि निघताना चित्र टेकवायचा तीन पायांचा ईझल "कळवतो" म्हणाला. पुढे काहीच कळवलं नाही. बऱ्याच दिवसांनी कानावर आलं ते असं की, बारक्या ब्रशने जाता जाता स्वयंपाकघरात डोकावलं होतं आणि तिथे तुपाच्या वाटीत, पोळ्यांना तूप लावायला, एक ब्रश डोक्यावर उभा होता. तो त्यांच्या नात्यातला होता की नाही कोण जाणे, पण घर मनातून उतरलं ते उतरलंच.

मग कुमुदताई मुलींच्या शाळेत गणित शिकवत राहिल्या. गॅदरिंग आलं की स्टेजमागचा पडदा मात्र त्याच रंगवायच्या. कधी जंगल, कधी राजवाडा, एका साली नुसताच समुद्र. शाळेच्या सामानाला पसंती विचारत नाहीत, ते नेमणुकीवर येतं आणि मुकाट काम करतं. त्या दिवसांत बाई वेगळ्याच दिसायच्या असं सगळी शाळा म्हणायची. यंदा त्या निवृत्त झाल्या आणि त्यांनी सामानाकडे पुन्हा निरोप धाडला. एकाच घराला दोनदा नकार गेला की तिसऱ्यांदा कोणी येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आज जमलं नाही तर उरलेलं आयुष्य भिंतीकडे बघत काढायचं होतं.

त्यांनी तुपाचा ब्रश शेजारणीकडे पाठवून दिला. यजमान शेषराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आल्यागेल्याला कालव्याच्या गोष्टी सांगून जेरीस आणणारे. आज कालव्याचं नावही काढायचं नाही, अशी त्यांना ताकीद मिळाली. सगळ्यात शेवटी कुमुदताईंनी फडताळातून बरणी काढली. बाकी सगळं सामान आपापलं येतं, पण ब्रश धुवायची पाण्याची बरणी घरच्यांनी द्यायची असते. लोणच्याची ही काचेची बरणी त्यांनी पहिल्या खेपेपासून राखून ठेवली होती. शेषरावांनी एकदा तिच्यात खिळे भरले होते, तेव्हा घरात बरेच दिवस अबोला होता.

मंडळी सकाळी आली. पुढे ईझल, दारातून आडवा होऊन. मागे भिंतीचा आधार घेत कॅनव्हास, मग ब्रशांचं कुटुंब, रंग कालवायचं पॅलेट, पाणी फवारायची बाटली आणि खोक्यातून रंगाच्या ट्यूबा. पांढरी ट्यूब सगळ्यांत मोठी आणि मानाची, कारण तिच्यावाचून कुणाचंच पान हलत नाही. ईझल पाय मिटूनच टेकला. परक्या घरी पाय उघडत नाहीत. ईझलने पाय उघडले म्हणजे तो तिथे राहिला. ट्यूबांनीही टोपणं काढली नाहीत. पोहे केले होते, ते शेषरावांनी एकट्याने खाल्ले.

विचारपूस सुरू झाली. ब्रश लगेच धुणार का, हा पहिला प्रश्न चपट्या ब्रशचा. कुमुदताई हो म्हणाल्या.

"सगळे हो म्हणतात," ब्रश म्हणाला. "आमचा एक चुलतभाऊ यवतमाळला दिला होता. रंगात असतानाच बाईंना माहेरचा फोन आला. फोन संपला तोवर त्याचं लाकूड झालं होतं."

शेषरावांनी फार वाईट झालं असं म्हणून आणखी पोहे वाढून घेतले.

मग खोली बघायला गेले आणि तिथेच घोडं अडलं. मधल्या खोलीला उत्तरेची खिडकी होती. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, त्यामुळे ईझलला ती बघताक्षणी आवडली असती. पण खिडकीत कूलर बसवलेला होता, होळीपासून पावसाळ्यापर्यंत तो हलत नसे, आणि खोलीत अंधार होता. ईझल म्हणाला, कूलर काढावा लागेल. पांढरी ट्यूब म्हणाली, कूलर निघाला तर आमचं येणं जमणार नाही, गार ओली हवा नसेल तर पॅलेटवर पाऊल टाकताच आम्ही वाळू. फवाऱ्याने मध्ये पडून बघितलं, तर त्याला कुणी बोलू दिलं नाही. शेषराव याच कूलरसमोर रोज दुपारी झोपत असत, त्यांचा चेहरा पडला होता.

मंडळी कोपऱ्यात जाऊन हलक्या आवाजात बोलू लागली. परत आली तेव्हा ईझलने खाकरून घेतलं. हा आवाज कुमुदताईंच्या ओळखीचा होता. आता "कळवतो" येणार, आणि या वेळी त्यानंतर पुन्हा कोणीच येणार नव्हतं.

"मी बोलू का जी?" शेषराव म्हणाले. कुमुदताईंनी डोळे मोठे केले, पण ते तिकडे बघतच नव्हते. "कालव्यावर आमच्याकडे पाणी कमी आणि शेतकरी जास्त. सगळ्यांले एकदम पाणी भेटत नाही. मंग आम्ही पाळी लावतो. खिडकीलेही पाळी लावू. सकाळी उजेडाची पाळी, कूलर चाकाच्या स्टँडवर बाजूला. तेवढा वेळ या फवाऱ्याने रंग ओले ठेवायचे. दुपारी कूलरची पाळी."

"आणि दुपारी आम्ही काय करायचं?" पांढऱ्या ट्यूबेने विचारलं.

"झोपायचं," शेषराव म्हणाले. "दुपारी अकोल्यात कोणी काही करत नाही."

मंडळींनी एकमेकांकडे बघितलं. आजवर कुठल्याच घरात त्यांना कुणी झोपायला सांगितलं नव्हतं. कूलर बाजूला सरकवला गेला आणि खोलीत उजेड आला. आता बाईंचा रंगवायचा हात कसा आहे ते बघायचं राहिलं होतं. निळ्या ट्यूबेने स्वतःहून टोपण काढून पॅलेटवर थेंबभर रंग दिला. चपटा ब्रश कुमुदताईंच्या हातात आला, कॅनव्हास समोर उभा राहिला. उजव्या हाताशी टेबलावर ती बरणी, स्वच्छ पाण्याने भरलेली, आणि तिच्या शेजारी शेषरावांचा चहा.

कुमुदताईंनी पहिला पट्टा ओढला. दुसरा ओढला. तिसऱ्यापर्यंत त्या खोलीत कोण बसलंय हे विसरल्या होत्या. आभाळाची कड जरा फिकी करावी म्हणून त्यांनी न बघता हात बाजूला नेला, ब्रश चहात बुडवला, खळखळ हलवला आणि पदराला पुसून पुन्हा कॅनव्हासवर टेकवला.

कूलर बंद होता, त्यामुळे शांतता नीट ऐकू आली. कुमुदताईंनी कपाकडे बघितलं. मग बरणीकडे बघितलं. बरणीतलं पाणी जसंच्या तसं होतं. इतकी वर्षं जपलेली बरणी, आणि ऐन वेळी हाताने दगा दिला. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

"हे नेहमी होतं?" ईझलने विचारलं.

"गॅदरिंगला व्हायचं," त्या म्हणाल्या. "मुख्याध्यापिका आपला कप घेऊन लांब बसायच्या."

ईझलने चपट्या ब्रशला विचारलं, कसं वाटलं. ब्रश अजून चहाने ओला होता. तो म्हणाला की गरम होतं, पण बाईंनी लगेच धुतलं हे खरं, आणि फोन आला असता तरी बाईंना तो ऐकू आला नसता. पांढऱ्या ट्यूबेने फक्त एवढंच सांगितलं की नवशिकी माणसं कप बघून ब्रश बुडवतात, त्यामुळे ती कधी चुकत नाहीत.

"कळवायचं असं काही नाही," ईझल म्हणाला. तो खिडकीजवळ गेला, जमिनीचा अंदाज घेतला आणि एकेक करून तिन्ही पाय उघडले.

शेषरावांनी कप उचलला, चहाचा रंग बघितला आणि पिऊन टाकला. साखर बरोबर होती, असं ते म्हणाले.

जेवणं झाल्यावर कूलर पुन्हा खिडकीत आला. शेषराव झोपायला गेले तर दिवाणावर कॅनव्हास आडवा झालेला. त्यांनी त्याला भिंतीकडे जरा सरकायला सांगितलं आणि शेजारी कलंडले. ट्यूबा खोक्यात घोरत होत्या. ऊन उतरल्यावर कुमुदताईंनी उठून दोन कप चहा ठेवला, एक शेषरावांना प्यायला आणि एक ब्रश बुडवायला.