एकतीस तारीख कुणाची?

शाळेच्या बाईंनी चौथ्यांदा बेरीज केली आणि चौथ्यांदाही एकशे नव्याण्णवच आले.

बाई विज्ञानाच्या पदवीधर. चारदा तेच उत्तर आलं तर चूक बेरजेत नसते, मोजण्यात असते, हे त्यांना कळत होतं. आणि चूक असायलाच हवी होती. नवा नियम असा, की वस्तीत दोनशेपेक्षा कमी माणसं भरली तर शाळा बंद, मुलं सहा किलोमीटरवरच्या शेजारच्या गावात आणि बाई जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. शाळेमागच्या खोलीत त्या सहा वर्षं राहत होत्या. खोलीमागे त्यांनी लावलेलं लिंबाचं झाड यंदा पहिल्यांदाच धरलं होतं.

मोजणी बाईंनीच केली होती. वस्ती अशी, की कुणाची म्हैस किती दूध देते हे सगळ्यांना तोंडपाठ, पण घरात माणसं किती विचारलं, की घरधनी आत वळून हाक मारायचा, "अगं, आपण किती?" शहरात गेलेल्या मुलांना "आलाच समजा" म्हणून लिहा, असा आग्रह व्हायचा. बाई बधल्या नाहीत. एकतीस जानेवारीच्या रात्री जो ज्या घरात झोपला तो त्या घरचा, हा सरकारी नियम त्यांनी दारोदार ऐकवला होता.

पाचव्यांदा यादी वाचताना चूक सापडली. तीन भावांची म्हातारी आई कुठेच नव्हती.

बाई थोरल्याकडे गेल्या. "एकतीसला रात्री आई तुमच्याकडे होती ना?"

"छे! माझा महिना तीसलाच संपला."

मधला दुकानात होता. त्याचं दुकान शाळेच्या फाटकासमोर, गिऱ्हाईक म्हणजे शाळेची पोरं. "माझा एक फेब्रुवारीपासून सुरू होतो, बाई. आधीचं मला काय विचारता?"

धाकटा म्हणाला, "माझा तर मार्च! मी चित्रातच नाही."

मग सगळा उलगडा झाला. बाप गेल्यावर भावांनी आई महिन्याच्या पाळीने वाटून घेतली होती. वर्षाच्या आत थोरल्याच्या लक्षात आलं, की एकतीस दिवसांचे तीन महिने आपल्याच वाट्याला येतात, बाकीच्यांना दोन-दोनच. आणि मधल्याला तर आयता फेब्रुवारी मिळतो. फेब्रुवारीवरून दोन भाऊ दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. शेवटी पंच बसले आणि ठरलं, की महिना तीस दिवसांचाच धरायचा. एकतीस तारीख कुणाचीच नाही. वर्षातले सात दिवस म्हातारी कुणाचीच नसे, आणि हा तोडगा वस्तीत न्यायाचा नमुना म्हणून सांगितला जाई.

"अहो, पण त्या सात दिवसांत त्या जातात कुठे?"

"जाते कुठेतरी," धाकटा म्हणाला. "येते ना परत एक तारखेला!"

एका माणसावाचून शाळा जाणार, ही बातमी संध्याकाळपर्यंत घरोघर पोचली. थोरल्याच्या दोन मुली शाळेत होत्या. मधल्याचं दुकान होतं. धाकट्याची बायको शाळेत मुलांचं जेवण शिजवायची. दुसऱ्या दिवशी तिघेही, एकमेकांना चुकवून, बाईंकडे दुरुस्तीचा अर्ज घेऊन आले.

"माझ्याच घरी झोपली होती हो. माझ्याच लक्षात नव्हतं," थोरला म्हणाला.

"आई आहे, तिला काय तारखा बघून सांभाळतात?" मधला म्हणाला.

धाकट्याने तर डोळ्याला रुमाल लावला.

तीन अर्जांत आईची वयं तीन होती: अडुसष्ट, पंचाहत्तर, एक्क्याऐंशी. बाईंना सगळं दिसत होतं. खिडकीतून लिंबाचं झाडही दिसत होतं. त्यांनी तिन्ही अर्जांवर सही करून ते पुढे पाठवले. म्हातारीला एकदा विचारावं, हे मात्र त्यांनाही सुचलं नाही.

कचेरीतल्या कॉम्प्युटरने वयं वेगळी म्हणून बायका वेगळ्या धरल्या. वस्ती दोनशे दोन झाली, शाळा वाचली आणि तिघा भावांनी चारचौघांत आपापली पाठ थोपटून घेतली. पण एकाही घरी पाळणा न हलता तीन माणसं वाढली, तीही म्हातारी, हे वर कुणाला तरी खटकलं. मार्चअखेर मोठे साहेब स्वतः आले. शाळेच्या वर्गात भाऊ उभे राहिले. म्हातारी बोचकं मांडीवर घेऊन मुलांच्या बाकावर बसली.

"आजी, जानेवारीत एकतीसला रात्री कुठे झोपला होतात?"

"शेजारच्या गावात. तिकडे एक शिंपीण आहे, माझी लहानपणची मैत्रीण. एकतीस आली की दुपारच्या बसने तिच्याकडे जाते."

"तिकडे मोजणीवाले आले होते?"

"आले होते की. नाव विचारलं, वय विचारलं. मी म्हटलं, मला नका लिहू, मी इथली नाही. तर ते म्हणाले, आज रात्री इथेच झोपणार ना? मग तुम्ही इथल्याच." म्हातारीने आपल्या तिन्ही मुलांकडे पाहिलं. "इतकं सरळ मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं."

साहेबांनी तिन्ही अर्जांवर एकच आडवी रेघ मारली.

"सांगून जायचं नाही का कुणाला?" धाकटा खेकसला.

"कुणाला सांगू, बाळा? एकतीस तारीख होती."

मग थोरल्याने घसा खाकरला. "साहेब, म्हणजे सरकारी कागदावर आई तिकडची झाली?"

"पुढच्या मोजणीपर्यंत तरी तिकडचीच."

तिघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. कित्येक वर्षांत तिघांच्या मनात प्रथमच एकच विचार आला होता.

"सरकारनेच लिहिलंय म्हटल्यावर," मधला म्हणाला, "आपण कशाला आडवं जायचं?"

"तिकडे तिचा जीवही रमतो," धाकटा म्हणाला. आता त्याचा आवाज फारच मऊ झाला होता.

दुपारी बसथांब्यावर बाई म्हातारीचं बोचकं धरून उभ्या होत्या. बोचक्यात त्यांनी झाडाची सगळी लिंबं घातली होती.

"शिंपीण ठेवून घेईल तुम्हाला?"

"ती तर केव्हाची म्हणतेय. मीच आपली परत यायची. मुलं आहेत ना इथे." म्हातारी थोडं थांबली. "बाई, तिकडची शाळा तरी राहील का हो?"

"राहील. तिकडे बरोबर दोनशे भरले."

"मला धरून?"

"तुम्हाला धरून."

म्हातारी लाजली आणि तिने पदर नीट केला.

बस आली. बाईंनी तिला हात देऊन वर चढवलं. बस वळणाआड गेल्यावर त्यांनी वस्तीच्या रस्त्याकडे पाहिलं. सख्ख्या आईला पोचवायला तिघांपैकी एकही आला नव्हता. बाईंना संताप आला. मग त्यांनी मोबाइलवरची तारीख पाहिली.

एकतीस होती.