फिरत्या पेटीतून त्रेचाळीस बायका नाहीशा जाहल्या त्याची बखर

श्री. ज्याचे नाव घ्यावे त्याचे मुख आठवावे आणि ज्याचे मुख पाहावे त्याचे नाव ओठी यावे, ऐसी बुद्धी देणारी जी देवता, तिचे चरणी दंडवत. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, कार्तिकापासून माघापर्यंत एका राज्यात जे वर्तमान घडले ते येथे लिहिले आहे. राज्याचे नाव लिहीत नाही. लिहिल्यास अकरा घरे भांडावयास येतील. राज्य म्हणजे एक कुळ. मुलूख म्हणाल तर तीन तालुके, परदेशातील दोन शहरे आणि मोबाइलवरचा एक गट, ज्यात रोज सकाळी सुप्रभात होत असे आणि दुसरे काहीच होत नसे.

त्या राज्याचे कारभारी बळवंतराव. हयात सरकारी कचेरीत फायली लावण्यात गेली, म्हणोन जे आपले जागी नाही ते भरताड, हा त्यांचा न्याय. त्यांचे धाकटे बंधूंची स्त्री हेमलताबाई. बाईंनी संगणक आपला आपण शिकून घेतला आणि कुळाची वंशावळ त्यात मांडिली, आणि माघ मासी कुळाचा मेळावा भरेल तेव्हां ती मोठ्या पडद्यावर सर्वांस दाखवावी ऐसा संकल्प केला. पुरुषांची चित्रे भिंतींवर टांगलेली होती, ती सहज मिळाली. बायकांची चित्रे भिंतीवर नव्हती. ती सर्व होती द्वारकाकाकूंच्या पत्र्याच्या ट्रंकेत. काकू म्हणजे बळवंतरावांची चुलती, वय वर्षे एक्याण्णव, दृष्टी अधू, परंतु चित्र नाकाशी नेले कीं माणूस वळखीत.

मग कार्तिकात हेमलताबाई काकूंकडे तीन आठवडे रोज दुपारी जात्या जाहल्या, आणि काकू एक एक चित्र उचलून नाव सांगत आणि बाई मोबाइलने चित्र टिपून त्यास तेच नाव देत. काकू म्हणत, "ही बनू. तुझ्या आजेसासूची जाऊ. रडायची ना, तर भाकरी थापता थापता. हात थांबायचा नाही, म्हणून कुणाला कळायचं नाही."

"पण काकू, वंशावळीत जानकीबाई लिहिलंय."

"ते ओसरीवरचं नाव, लग्नात ठेवलेलं. चुलीपाशी बनूच. आम्ही एकमेकींना माहेरच्या नावानंच हाक मारायचो. ते नाव उंबऱ्याबाहेर गेलं नाही कधी."

ऐसी त्रेचाळीस चित्रे जाहली: बनू, चिमी, गोदी, वेणू, आणि सर्वांत जपून ठेविलेले ठकीचे. ठकी म्हणजे काकूंची सासू, वंशावळीत रुक्मिणीबाई. तें चित्र काकूंनी बराच वेळ हातांतून सोडिले नाही. म्हणाल्या, "हिला कुणी पाहिलंच नाही गं. सगळ्यांनी परातीवर वाकलेली पाठ पाहिली. तोंड वर केलं ते एकदा, तो फोटोवाला आला तेव्हा. तेवढं त्या पडद्यावर दिसू दे, म्हणजे मी मोकळी." हेमलताबाईंनी शब्द दिला. मग गेलेल्या माणसांची चित्रे केरात टाकू नयेत म्हणोन, आता सर्व टिपून जाहले आहे ऐसे पाहून, काकूंनी ट्रंकेतील ठिसूळ कागद फुले वाहून नदीस अर्पण करविले. हेमलताबाईंनीच आपले हाते सोडिले. मोबाइल भरला होता, म्हणोन त्यातील स्त्रीपुरुषांची सर्व चित्रे, आणि वंशावळही, एका फिरत्या पेटीत नेली आणि मोबाइल रिकामा केला. पेटी म्हणजे साबणाच्या वडीएवढी, तीस एक शेपूट. ज्या संगणकास लावावी त्याची होई. दुसरी प्रत मेळावा जाहल्यावर करू, ऐसे बाईंनी ठरविले. घात या 'जाहल्यावर' शब्दाने केला, परंतु एकट्या याने नव्हे.

आता या विद्येतील मर्म सांगतो. वंशावळीत माणसाचे नाव राहते, चित्र राहत नाही. चित्राचा फक्त ठावठिकाणा राहतो: अमुक दरवाजा, अमुक दालन, अमुक नावाचे चित्र. हे काकूंस सांगितले तेव्हां काकू म्हणाल्या, "म्हणजे माणूस एकीकडे आणि तोंड दुसरीकडे?"

"मध्ये दोरा बांधलाय, काकू."

"दोऱ्याला गाठ मारलीस ना नीट?"

गाठ नीट होती. परंतु पेटी बाईंच्या संगणकास लाविली कीं तो तीस ई अक्षराचा दरवाजा देई, आणि दुसऱ्या संगणकास लाविली कीं तो आपले मर्जीने दुसरे अक्षर देई. मग वंशावळीचा जासूद ई दरवाजाशी जाई, तेथे दरवाजाच नाही ऐसे पाहून परत येई, आणि चौकटी रिकाम्या दिसत. इलाज सोपा, अक्षर पूर्ववत करावे. बाईंस हे ठाऊक होते. मार्गशीर्षात बळवंतरावांनी मेळाव्याची तयारी आपले संगणकावर करावी म्हणोन पेटी मागविली, तेव्हां बाई सांगू लागल्या, "भाऊजी, लावताना एक लक्षात..."

"हेमलता, चौतीस वर्षं फायली सांभाळल्यात मी."

धाकट्या भावजयीने थोरल्या दिरांस शिकवावे ही त्या राज्यात रीत नव्हती. बाईंनी चिठ्ठी लिहिली, पेटीस रबराने बांधिली आणि दिली.

बळवंतरावांनी रबर काढिले, चिठ्ठी न वाचता पाठीमागे आचाऱ्यास द्यावयाची यादी लिहिली आणि पेटी लाविली. त्यांचे संगणकाने तीस जी अक्षर दिले. मग पाहतात तों वंशावळीत एकासही मुख नाही. राव घाबरले नाहीत. दोन दिवस बैठक मोडिली नाही, आणि पेटीतील चित्रांची नावे वंशावळीतील नावांशी ताडून एकेक पुरुष आपले हाते जागी बसविला. हे काम त्यांनी मन लावून केले, खोटे कशास लिहावे. मग उरली त्रेचाळीस. बनू कोण, चिमी कोण, ठकी कोण? वंशावळीत या नावाची एकही नाही. राव न्यायी पुरुष, त्यांनी गटावर नुसती नावे लिहून विचारिले: या आपल्यापैकी आहेत काय? नऊ जणांनी नमस्काराचे हात पाठविले; हेमलताबाई तो गट उघडीत नसत. तितक्यात कुलदैवताच्या अभिषेकाचे चित्रीकरण येऊन पोचले आणि पेटीत जागा पुरेना. मग रावांनी त्रेचाळीस चित्रे पुसून टाकिली, आणि अभिषेक आत घातला, आणि निजले.

पौषात हेमलताबाई बळवंतरावांकडे गेल्या तेव्हां राव प्रसन्न होते. म्हणाले, "तुझं अर्धं काम करून ठेवलंय. भरताड होतं तेवढं काढलं."

"कसलं भरताड, भाऊजी?"

"असतील कुणी शेजारणीपाजारणी. ठकी काय, बनू काय. आपल्यात नाही त्या नावाचं कुणी."

बाई खुर्चीवर बसल्या. पाणी मागितले नाही, दिलेले प्याल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भाऊजी, ठकी म्हणजे तुमची आजी."

"आजीचं नाव रुक्मिणी."

"पुसायच्या आधी उघडून पाहिला होतात का फोटो?"

रावांनी पेटी हाती घेतली. मग म्हणाले, "पाहिला. प्रत्येक फोटो उघडून पाहिला मी. तसं न पाहता काही टाकत नाही." आणि पेटी खाली ठेवून म्हणाले, "नऊ वर्षांचा होईतो तिच्या हातचं जेवलोय गं मी."

पुढे बाई पेटी घेऊन बाजारात सुपेकर म्हणून संगणक दुरुस्त करणारे कसबी गृहस्थ होते त्यांजकडे गेल्या. सुपेकर म्हणाले, "ताई, पुसलेलं परत आणता येतं. पण त्यावर दुसरं काही भरलंत का?"

"अभिषेक."

"केवढा?"

"साडेतीन तासांचा. त्यात साडेतीन तास दूधच आहे."

सुपेकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेविला, तेव्हांच बाई समजल्या. चार दिवसांनी त्यांनी जे हाती लागले ते दिले: एका चित्राचा वरचा तुकडा. मधोमध भांग, कपाळ, कपाळावर आडवे कुंकू, आणि भिवयांच्या खाली सर्व राखाडी. कोणाचे कपाळ ते सांगता येईना. बाईंनी त्रेचाळीसांवर आपले हाते नाव घातले होते, तरी सांगता येईना.

मग माघ शुद्ध पंचमीस मेळावा भरला. सभागृहाच्या संगणकाने पेटीस तिसरेच अक्षर दिले आणि पडद्यावरून होते ते पुरुषही गेले. लोकांत गलका जाहला. हेमलताबाई पुढे जाहल्या, अक्षर पालटून जी केले, आणि अर्ध्या मिनिटात एकशे बारा पुरुष पगडीटोपीसह आपापले जागी येऊन बसले. लोकांनी टाळ्या वाजविल्या. बळवंतराव बाईंच्या पाठीशी उभे राहून पाहत होते. हळूच म्हणाले, "एवढंच होतं?"

"एवढंच, भाऊजी."

राव पुढील रांगेतील आपली खुर्ची सोडून शेवटल्या रांगेत जाऊन बसले.

काकूंस पहिल्या रांगेत आरामखुर्ची दिली होती. त्यांस पडदा म्हणजे एक उजेड, इतकेच दिसत होते. त्यांनी हेमलताबाईंचा पदर ओढिला आणि विचारिले, "आली का गं सासू माझी?"

पडद्यावर रुक्मिणीबाई ऐसे नाव होते आणि नावावर रिकामी चौकट होती. बाई म्हणाल्या, "आली, काकू."

"कशी दिसते?"

बाईंनी डोळे मिटले आणि जितके आठवेल तितके सांगावे म्हणोन सांगू लागल्या, "डोक्यावरून पदर आहे. गळ्यात फक्त पोत. हनुवटीवर गोंदण..."

काकूंचा हात पदरावर थांबला. "गोंदण गोदीला होतं."

हेमलताबाईंनी डोळे उघडिले. मागे अल्पोपाहाराची घोषणा होत होती. काकूंनी हात सोडिला नाही, उजेडाकडे तोंड तसेच ठेविले आणि म्हणाल्या, "राहू दे. आणखी नको सांगूस. आहे ते पण जाईल."

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. पुरुष एकशे बारा, नावानिशी व मुखानिशी. स्त्रिया त्रेचाळीस, नावे ओसरीवरची, मुखे नाहीत. बेवारस कपाळ एक. पुढे आचाऱ्याने यादीचा कागद परत केला तो हेमलताबाईंचे हाती आला, तेव्हां उलटून पाहिला. त्यावर त्यांचेच अक्षर होते: "भाऊजी, लावल्यावर चेहरे दिसले नाहीत तर घाबरू नका. कुणी कुठे गेलेलं नाही. सगळ्या आतच आहेत." इति.