पोसायडनचा नारळ

आमचे टिपणीसकाका खांबाला मिठी मारल्याशिवाय लिफ्टमध्ये पाऊल टाकत नाहीत.

सिंगापुरात आमच्यासारख्या बिल्डिंगींचा तळमजला रिकामा ठेवतात. नुसते खांब आणि वारा. त्याला व्हॉइड डेक म्हणतात. तुमच्या-आमच्या लेखी ती सायकली लावायची आणि चिनी आजोबांनी पट मांडून बसायची जागा. काकांच्या लेखी ते ग्रीक देऊळ. तुआसच्या शिपयार्डातून दमूनभागून आले की पहिल्या खांबाशी बूट काढतात, त्याला कवेत घेतात, गाल टेकवतात आणि मगच अकराव्या मजल्यावर घरी जातात. इतक्या वर्षांच्या मिठ्यांनी त्या खांबाला कंबर आलीय, असं मी पाहुण्यांना सांगतो. पाहुणे खाली जाऊन बघतात आणि ‘हो, थोडी आलीय खरी’ म्हणतात.

हे वेड त्यांना कसं लागलं याच्या मी चार-पाच कथा सांगतो. सगळ्या माझ्याच. खरं एवढंच की दुरुस्तीला आलेल्या एका जहाजाच्या ग्रीक कप्तानाने त्यांना एक कॅलेंडर दिलं. दर महिन्याला एक देऊळ. वर्ष संपलं तरी कॅलेंडर भिंतीवरून उतरलं नाही. त्या घरात अजून तेच साल चालू आहे.

देऊळ सिसिलीतलं असो, डेलॉस बेटावरचं असो की तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरचं, काकांचा प्रश्न ठरलेला.

“आणि याला नैवेद्य कोण दाखवतं?”

“कुणी नाही, काका. त्या देवांना आता कुणी मानत नाही.”

“मानत नाही म्हणून काय झालं? जेवायची वेळ तर होतेच ना रे त्याची!”

काका मूळचे अलिबागकडचे. घरात अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि कुलदैवतांचे चांदीचे टाक. पिढ्यान्‌पिढ्या बोटं फिरून ते टाक इतके गुळगुळीत झालेत की भवानी कुठली आणि खंडोबा कुठला हे एकट्या काकांनाच कळतं. त्यांना वरणभात दाखवल्याशिवाय काका पोळीला हात लावत नाहीत. भुकेल्या पाहुण्यांनाही लावू देत नाहीत. मी स्वतः एकदा त्या ताटासमोर मरता मरता वाचलोय.

नारळी पौर्णिमा ते इथेही चुकवत नाहीत. पण समुद्रात नारळ टाकायचा म्हणजे कचरा टाकल्याचा दंड, आणि काका कायद्याला पक्के. म्हणून पुलाउ उबीन बेटावर जाणाऱ्या लाकडी होडीतून ते ओणवे होतात, नारळ पाण्याला टेकवतात, नमस्कार करतात आणि नारळ परत पिशवीत घालतात. घरी त्याचाच नारळीभात. होडीवाला चिनी म्हातारा दर वर्षी विचारतो, “अंकल, वॉशिंग कोकोनट, आ?”

“यस, यस. व्हेरी डर्टी,” काका गंभीरपणे सांगतात.

आणि एका वर्षी काकांनी जाहीर केलं, की यंदाचा नारळ पोसायडनला. ग्रीकांच्या समुद्रदेवाला.

“जन्मभर जहाजं दुरुस्त केली, पण त्या समुद्राच्या साहेबाला एकदा भेटलो नाही. दीड-दोन हजार वर्षं उपाशी बसलाय तो तिकडे. पुणेकर, तूही चल. मुठेला पूर आला म्हणजे समुद्र होत नाही, हे एकदा डोळ्यांनी बघ.”

“घरच्या देवांचं झालं, आता परक्यांचंही करा!” काकू म्हणाल्या, आणि टेक्का मार्केटमधून पाणीदार, शेंडीवाला नारळ त्यांनीच निवडून आणला.

अथेन्सच्या विमानतळावर बॅग उघडली. तो नारळ बघून विमानं हवेत थांबली, असं मी सांगत असतो. प्रत्यक्षात एका अधिकारी बाईंनी तो कानाशी हलवून विचारलं, हे काय?

“फॉर युवर गॉड,” काका म्हणाले. “पोसायडन.”

बाई हसल्या नाहीत. दोन्ही हातांनी नारळ परत देत म्हणाल्या, “फार दिवसांनी कुणी आलं त्याच्याकडे.”

तिथून सूनियनला, पोसायडनच्या देवळाकडे निघालो. समुद्राच्या कडेकडेने बस जाते. शेवटचं वळण आलं आणि मी बोलायचा थांबलो. असं घडत नाही. माझ्या बायकोला विचारा. समोर कड्याच्या टोकावर पांढरे खांब उभे होते. गाभारा नाही, मूर्ती नाही, भिंती नाहीत. खाली तीन बाजूंनी समुद्र. छप्पर कधीच गेलेलं, आणि ते काम आकाशानेच अंगावर घेतलेलं. कुठलीही गोष्ट चौपट करून सांगणारा मी, पण इथे वाढवायला काही जागाच नव्हती.

काकांचे हात आपोआप पसरले. पण खांबांभोवती दोर होता. तेव्हा त्यांनी बूट काढून काकूंच्या हातात दिले आणि दोराच्या बाहेरून प्रदक्षिणा सुरू केली. ऑगस्टचं ऊन, दगड तव्यासारखे. प्रदक्षिणा कमी आणि नाच जास्त. तेवढ्यात शिट्टी वाजली. पहारेकरीण ओरडली, “शूज!”

“टेंपल!” काका तितक्याच जोरात ओरडले.

तिने एकदा त्यांच्या पायांकडे पाहिलं, एकदा देवळाकडे, आणि शिट्टी खाली केली. दिवसभर तिच्यासमोर लोक फोटोच काढत होते. देवळात आल्यासारखं वागणारा बहुधा हा पहिलाच.

मग आम्ही खालच्या किनाऱ्यावर उतरलो. काका गुडघाभर पाण्यात गेले, वर देवळाकडे तोंड केलं, नारळ पाण्याला टेकवला, नमस्कार केला आणि उचलून सरळ पिशवीत घातला.

“अहो!” काकू किंचाळल्या. “उपाशी देवाला नुसता दाखवून परत आणताय? सोडा तो!”

काका ओशाळले. नारळ काढला, पाण्यावर ठेवला, हात काढून घेतला. लाटेने तो उचलला, फिरवला आणि परत त्यांच्या पायाशी आणून ठेवला. पुन्हा सोडला, पुन्हा आला.

मी हसायला तोंड उघडलं होतं. काका म्हणाले, “घ्यायची सवय मोडलीय बिचाऱ्याची.”

मग ते छातीइतक्या पाण्यात गेले आणि पाळण्यातल्या तान्ह्या पोराला हळूच झोका द्यावा तसा त्यांनी नारळ ढकलला. या वेळी तो गेला. हलत, डुलत, लांब जात ठिपका झाला.

ऊन कलतं झालं. वरचे खांब मधाच्या रंगाचे झाले. काका ओल्या कपड्यांनी वाळूत माझ्याशेजारी बसले.

“मुक्ताचा फोन आला होता मेलबर्नहून,” ते म्हणाले. मुक्ता त्यांची एकुलती एक लेक, सिंगापुरातच वाढलेली. “मी विचारलं, आमच्यानंतर देव नेशील ना? म्हणाली, ‘बाबा, आय डोन्ट नो हाऊ टु डू ऑल धिस. सो ओल्ड ऑल्रेडी, गिव्ह टु म्युझियम लाह.’ चिडून नाही रे, प्रेमाने म्हणाली. काचेत नीट राहतील म्हणून.”

मी वर बघत राहिलो.

“केवढे भक्त असतील यांचे,” काका म्हणाले. “एवढे खांब या कड्यावर चढवणारे. त्यांनाही वाटलं असेल, पुढे पोरं बघतील.”

काकूंनी त्यांच्या पायांवरची वाळू झटकली आणि बूट पुढे ठेवले.

सिंगापूरला परतल्यानंतरच्या शनिवारी मी अंघोळ करून अकराव्या मजल्यावर गेलो. ताट वाढून तयार होतं. काका देव्हाऱ्यापुढे बसले होते.

“काका, यातली भवानी कुठली?”

“तुला काय करायचंय रे, पुणेकर?”

“काही नाही. अधूनमधून येत जाईन म्हणतो. त्यांची सवय मोडायला नको.”

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. पाटावर जरा सरकून त्यांनी शेजारी जागा केली, एक गुळगुळीत टाक उचलून माझ्या तळहातावर ठेवला आणि माझं बोट धरून त्यावरून फिरवलं.

“ही बघ,” ते म्हणाले. “इथे तिचं नाक होतं.”